श्रावकाचा संसार : पाचचा डबा

ओझे वाहणाऱ्या माणसाला वाटेत चार विसावे असतात, असे स्थानांग सूत्रात सांगितले आहे. एका खांद्यावरचा भार दुसऱ्या खांद्यावर घेणे हा पहिला. देहधर्मासाठी भार घटकाभर खाली ठेवणे हा दुसरा. वाटेतल्या एखाद्या देवस्थानात रात्रीपुरता मुक्काम करणे हा तिसरा. आणि जेथे जायचे तेथे पोहोचून भार कायमचा उतरविणे हा चौथा. सूत्रकारांनी हेच चार विसावे श्रमणोपासकाच्या आयुष्याला लावून दाखविले आहेत. व्रत-नियमांचा स्वीकार, सामायिक व देशावकाशिक, पर्वतिथीचा पौषध आणि अंतसमयीची संलेखना, असा तो क्रम आहे.

गृहस्थ हा भारवाहक आहे हे शास्त्राने मान्य केले आणि वाटेत थांबण्याचा त्याचा अधिकारही मान्य केला. व्यापारी घराण्यांत मात्र भाराचा हिशेब रोजच्या रोज लिहिला जातो आणि विसाव्याचे खाते कोरेच राहते. पेढीला कुलूप लागले तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यात जाते, हा धडा मुलगा चालायला लागल्यापासून ऐकत असतो. घराबाहेर पडायचे तर शिखरजी, पालिताणा, शंखेश्वर, नाहीतर लग्नकार्य. पती-पत्नीने केवळ स्वस्थ बसण्यासाठी चार दिवस कोठे जावे, ही कल्पनाच आधीच्या पिढीला ओशाळवाणी वाटते. पुण्याच्या भुसार बाजारात साखर-गुळाची आडत करणाऱ्या एका शेठजींनाही ती तशीच वाटली होती.

शेठजींचे लग्न होऊन चौतीस वर्षे झाली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी वडील गेले आणि गादीवर त्यांना बसावे लागले. घरात रात्रिभोजनाचा त्याग तीन पिढ्यांचा. बाजाराची संध्याकाळ मात्र सूर्यास्त पाहून थांबत नाही. आवकेचे ट्रक, हमालांची मजुरी, रोजमेळ हे सारे उरकेपर्यंत दिवे लागतात. तेव्हा तोडगा निघाला तो असा, की साडेचारला पेढीवरचा पोऱ्या घरी यावा आणि पाचच्या सुमारास शेठजींचा डबा गादीवर पोहोचावा. गेल्या बत्तीस वर्षांत त्यांचा चौविहार एकदाही मोडला नाही. संघात त्याचे कौतुक होते, आणि ते योग्यच होते.

त्या नियमाची दुसरी बाजू कोणाच्या ध्यानात आली नव्हती. या बत्तीस वर्षांत पती-पत्नी संध्याकाळच्या जेवणाला एकत्र बसले नव्हते. रविवारी बाजार बंद असे, पण घरात सासू-सासऱ्यांच्या वेळेपासूनची पंगतीची रीत होती; पुरुष आधी, स्त्रिया मागून. पुढे वडीलधारे गेले, तेव्हा रविवारच्या संध्याकाळी संघाच्या बैठका सुरू झाल्या. शेठाणी आपला चौविहार स्वयंपाकघरात एकटीच उरकीत आणि पाठशाळेच्या मुलांना जीवविचार शिकवायला जात. याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार करावी असे काही घडलेलेच नव्हते.

मॉरिशसची तिकिटे मुलाने काढली. दिवस मे महिन्याचे निवडले. अक्षय्य तृतीयेची पारणी झालेली, चातुर्मासाला अवकाश, आणि गुऱ्हाळांचा हंगाम संपल्याने पेढीवरही थोडी उसंत. शेठजींनी नेहमीप्रमाणे दोन आक्षेप घेतले. एक, पेढीचे काय. दोन, तिकडे खायचे काय. दुसऱ्या आक्षेपाला सुनेने उत्तर दिले. तिने हॉटेलऐवजी समुद्रालगत स्वयंपाकघर असलेली सदनिका आठ दिवसांसाठी घेतली होती. पहिल्या आक्षेपाला मुलगा एवढेच म्हणाला, “पप्पा, आठ दिवस मी बघतो.” या चार शब्दांवर शेठजी काही बोलले नाहीत.

निघण्यापूर्वी दोघे उपाश्रयात वंदनाला गेले. साध्वीजी महाराजसाहेबांनी जा असे म्हटले नाही. गृहस्थाच्या सहलीला साधू-साध्वी अनुमोदना देत नाहीत. त्यांनी फक्त विचारले, “चौदा नियम धारता ना? तिथेही धारा. दिशेचा नियम विसरू नका.” शेठाणींनी हात जोडून होकार दिला.

मुंबईहून मॉरिशस सुमारे सहा तासांच्या अंतरावर आहे. भारतीय प्रवाशाला तेथे जाण्यासाठी आगाऊ व्हिसा काढून न्यावा लागत नाही. तेथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. ज्वालामुखीतून वर आलेले हे बेट पुणे जिल्ह्याच्या आठव्या हिश्श्याएवढे असेल. विमान खाली उतरू लागले की आधी दिसते ती समुद्रात बेटाभोवती उमटलेली पांढरी रेघ, मग रेघेच्या आतले फिकट हिरवे पाणी, आणि मग ऊस. शेठजींनी खिडकीला कपाळ टेकविले ते ऊस पाहून. “अजून तोड सुरू झालेली दिसत नाही,” एवढेच ते बोलले. ते खरेही होते. तेथली तोड जूनच्या सुमारास सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत चालते.

त्यांचा मुक्काम पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक आं फ्लाक या गावी होता. लांबलचक पांढरी वाळू आणि तिच्या कडेने सुरूची झाडे. कोकणात जन्म गेलेल्या माणसालाही ती ओळखीची वाटावीत अशी. पहिल्या सकाळी शेठाणींनी सूर्योदयानंतर दोन घटिका मोजून नवकारसी पारली आणि वाळूवर जाऊन बसल्या. शेठजी फोन घेऊन सुरूखाली फेऱ्या मारीत राहिले. पुण्यात तेव्हा बाजार उघडत होता. गुळाच्या ढेपेचा भाव काय निघाला, सांगलीचा ट्रक आला का, अमक्याची वसुली झाली का. आठ फोन झाले. नवव्या फोनवर मुलाने विचारले, “पप्पा, तिजोरीची किल्ली तुमच्याकडे आहे का?”

शेठजींनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. किल्ली होती. “चुकून राहिली,” ते म्हणाले.

“असू द्या. रोख रोजच्या रोज बँकेत भरतो. कागद लागले तर तुम्ही आल्यावर काढू. तुम्ही काळजी करू नका.”

फोन बंद झाल्यावर शेठजी बराच वेळ समुद्राकडे पाठ करून उभे राहिले. बत्तीस वर्षांत ती किल्ली चुकून कोठेही राहिली नव्हती, हे शेठाणींना ठाऊक होते. त्या काहीच बोलल्या नाहीत. शेठजींना बोचली ती किल्ली नव्हती; किल्लीवाचून पेढी अडली नाही, हे बोचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठाणी चौदा नियम धारीत बसल्या होत्या. सचित्त, द्रव्य, विगई, वाहन, शयन, दिशा अशी एकेका गोष्टीची त्या दिवसापुरती मर्यादा बांधून झाली. शेठजी शेजारी फोन हातात घेऊन बसले होते. शेठाणी म्हणाल्या, “अहो, या चौदांत फोन कुठेच नाही. म्हणून तो मोकाट सुटलाय.”

शेठजींना हसू आले. थोडा विचार करून त्यांनी हात जोडले आणि पंधरावा नियम घेतला. आठ दिवस, दिवसातून एकच फोन, दुपारी बारानंतर. बाहेरच्या कोणी सांगितले असते तर त्यांनी तो मानला नसता. पण नियम म्हटल्यावर तो मोडायचा नसतो, ही सवय हाडीमाशी होती. फोन कपाटात गेला आणि शेठजींचे दोन्ही हात रिकामे झाले. त्या हातांचे काय करावे हे त्यांना पहिला दिवसभर कळले नाही.

दुपारी ते दोघे काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळांवर फिरून आले. भोवती करमणुकीचे पुष्कळ प्रकार होते. कोणी खोल समुद्रात मासेमारीला नेत होते, कोणी डॉल्फिनच्या कळपामागे वेगाने नावा पिटाळीत होते, कोणी पाण्याखाली चालवून आणीत होते. शेठाणींनी ते सारे नाकारले. होडीवाल्याने वाळूतला एक सुंदर शंख त्यांच्यापुढे धरला, तोही त्यांनी घेतला नाही. शांतिसूरींच्या जीवविचार प्रकरणात शंख-कवडी बेइंद्रिय जीवांत येतात आणि प्रवाळ पृथ्वीकायात, हे त्या मुलांना घोकवून घेत असत. आजचे जीवशास्त्र प्रवाळ हे सूक्ष्म प्राण्यांनी बांधलेले घर मानते. गणना कोणतीही धरली तरी पाय पडला की ते तुटते आणि पुन्हा उभे राहायला वर्षे लागतात, एवढे नक्की. रिकाम्या शंखातही खेकड्याचे पिल्लू घर करून राहते. वाळूवर पडलेले ते रिकामे घर कोणाच्या तरी उपयोगाचे असते, असे त्यांनी परत आल्यावर पाठशाळेत सांगितले.

तिसरा दिवस शेठजींच्या आवडीचा निघाला. बेटाच्या उत्तरेला बो प्लाँ येथे एक जुना साखर कारखाना आहे. तो १९९९ साली बंद झाला आणि त्याचे संग्रहालय करण्यात आले. ऊस या बेटावर डचांनी १६३९ साली जावाहून आणला. पुढे फ्रेंच आले, मग इंग्रज, आणि बेटावर दुसरे पीक जवळजवळ राहिलेच नाही. संग्रहालयात निरनिराळ्या साखरा चाखायला ठेवलेल्या असतात. शेठजींनी काळपट, ओलसर खडा बोटांनी चुरून पाहिला, जिभेवर ठेवला आणि त्यात मळीचा अंश किती हे सांगून टाकले. तिथल्या मुलीने आश्चर्याने पाहिले. शेठाणींनीही पाहिले. आपल्या नवऱ्याला काम करताना त्यांनी पहिल्यांदाच जवळून पाहिले होते.

तेथेच शेठजींना एक शब्द आठवला. आजोबांच्या जुन्या वह्यांत साखरेच्या नावे ‘मोरस’ असे लिहिलेले असे. शुभ्र दाणेदार साखरेला आपल्याकडे मोरस म्हणत. गुजराती घरांतल्या म्हाताऱ्या बायका अजूनही म्हणतात. मॉरिशसहून मुंबई बंदरात उतरणारी साखर ती मोरस. ज्या बेटाला जाण्यास शेठजी महिनाभर टाळाटाळ करीत होते, त्या बेटाचे नाव त्यांच्या पेढीच्या वहीत आजोबांच्या हाताने लिहिलेले होते.

त्या साखरेची दुसरी वही पोर्ट लुई बंदरात आहे. आप्रवासी घाट हे तिचे नाव. गुलामगिरी संपत आली तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडू लागले आणि २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून हिंदुस्थानी मजुरांचा जथा येथे उतरला. तेव्हापासून १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे करारावर या बेटावर आली. बहुतेक बिहारकडची, काही मद्रासकडची आणि काही मुंबई इलाख्यातली, रत्नागिरीच्या बाजूची. बंदरातून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या आजही जपलेल्या आहेत. २००६ साली या घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

शेठजी त्या पायऱ्यांपाशी थांबले. उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे उंच ढीग त्यांनी वाटेत पाहिले होते. काय असावेत ते कळले नव्हते. लाव्हाचे ते दगड मजुरांनी हातांनी उचलून, रचून जमीन मोकळी केली होती. मोटार चालविणारा तरुण सांगत होता. त्याचे पूर्वज कोकणातले. तो घरी क्रिओल बोलत असे, शाळेत मात्र मराठी शिकला होता. मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकण्याची सोय आहे आणि गणेश चतुर्थीला देशाला सार्वजनिक सुटी असते. त्याच्या मराठीत क्रियापदे अडखळत होती, पण आरती तोंडपाठ होती. “आमच्या पणज्याच्या पणज्याने दगड उचलले,” तो म्हणाला. “मग मुलांना शाळेत घातले.” शेठजींनी त्याला घराचा, मुलांचा, मोटारीच्या हप्त्यांचा हिशेब विचारला. भाड्यात घासाघीस मात्र केली नाही. पुण्यात त्यांनी ती केली असती.

पेढीवर येणाऱ्या मालामागे कोणाचे तरी हात असतात हे व्यापाऱ्याला कळत नाही असे नाही. पण भाव, वजन आणि उधारी यांच्या पलीकडे पाहायला त्याला सवड नसते. त्या संध्याकाळच्या प्रतिक्रमणात शेठजी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसून राहिले.

आता संध्याकाळच्या जेवणाविषयी. मे महिन्यात दक्षिण गोलार्धात हिवाळा लागत असतो. पुण्यात सूर्य सातला मावळतो, मॉरिशसला पावणेसहालाच. त्यामुळे साडेचारला शेठाणी चुलीपाशी आणि पाचला ताटे तयार, हे वेळापत्रक आपोआप ठरले. सुनेने दिलेले खाकरे, मुगाची डाळ, तांदूळ आणि मसाले होते; भोपळा, कोबी, टोमॅटो बाजारात मिळे. तेथल्या रस्त्यांवर हरभऱ्याच्या डाळीची मऊ पुरी फार लोकप्रिय आहे. तीही पूर्वी मजुरांबरोबर आली. पण तिच्याबरोबरच्या रस्स्यात कांदा-लसूण असतो, म्हणून शेठाणींनी ती घरीच करून पाहिली. पहिली फाटली, दुसरी जमली.

चौथ्या दिवशी त्यांनी ताटे घरात न मांडता डबा भरला आणि दोघे सुरूच्या झाडाखाली जाऊन बसले. समोर समुद्र, दक्षिणेकडे दूर ल मॉर्नचा डोंगर. शेठजींच्या हाती डबा देताना शेठाणी थबकल्या. बत्तीस वर्षे भरलेला डबा उघडताना त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

बाजारात मेथी मिळाली होती, म्हणून त्यांनी ती मुद्दाम केली होती. तिथी सोडून आठवड्यातून तीनदा डब्यात मेथी जात असे. शेठजींना ती आवडते हे घरात सर्वांना माहीत होते. शेठजींनी पुरी खाल्ली, डाळ खाल्ली, मेथी तशीच राहिली.

“मेथी राहिली की,” शेठाणी म्हणाल्या.

शेठजी थोडे घुटमळले. मग म्हणाले, “मला मेथी कधीच आवडली नाही गं. मुनीमजींना फार आवडायची. त्यांच्या घरी करायला कोणी नव्हते. डबा उघडला की ते बघायचे, म्हणून मी देऊन टाकायचो. डबा रिकामा घरी आला की तू आणखी पाठवायचीस. मग सांगायचे राहून गेले.”

“मुनीमजी जाऊन तर अकरा वर्षे झाली.”

“आता तो तोलाईवाला घेतो.”

शेठाणींना हसू फुटले. त्या इतक्या हसल्या की शेजारी बसलेले एक फ्रेंच कुटुंब वळून पाहू लागले. मग हसणे थांबले आणि त्या पदराने डोळे पुसू लागल्या. किती सकाळी बसून मेथीच्या जुड्या निवडल्या होत्या! पान पान उलटून, एखादा जीव राहू नये म्हणून उजेडात धरून. ती मेथी वाया गेली नव्हती. एका एकट्या म्हाताऱ्याच्या पोटात गेली होती. पण जिच्या हाताने ती गेली, तिला बत्तीस वर्षांत ठाऊक नव्हते की नवऱ्याला काय आवडते.

“मग तुम्हाला आवडते तरी काय?” त्यांनी विचारले.

शेठजींना पटकन सांगता येईना. ते खरोखरच विचार करू लागले. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा दोघांनी घाईने पाणी पिऊन पच्चक्खाण घेतले. पुढे अंधार पडेपर्यंत ते तेथेच बसले होते. काय बोलले हे सांगण्यासारखे काही नाही. मुलाच्या लहानपणाचे, विकलेल्या जुन्या घराचे, शेठजींच्या आईच्या आजारपणाचे. जे बोलायचे राहून गेले होते, ते फार मोठे नव्हते. फक्त पुष्कळ होते.

सहाव्या दिवशी ते दक्षिण किनाऱ्यावर सुयाक गावाजवळच्या ग्री-ग्री येथे गेले. विमानातून दिसलेली पांढरी रेघ म्हणजे प्रवाळाची भिंत. ती जवळजवळ सगळ्या बेटाला वेढून आहे. महासागराची लाट तिच्यावर फुटते आणि आत येते ते गुडघाभर, निवांत पाणी. दक्षिणेच्या या तुकड्यात मात्र ती भिंत नाही. येथे लाट सरळ काळ्या कड्यावर येऊन आदळते, तुषार माणसाच्या अंगावर येतात आणि पाण्यात पाऊल टाकण्याचे धाडस कोणी करीत नाही. समुद्र तोच, बेटही तेच.

शेठाणी बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “महाराजसाहेब दिशेचा नियम का विचारत होते ते इथे बघा. मर्यादा असली की आतले पाणी बसण्याजोगे होते.”

शेठजी म्हणाले, “आणि मर्यादा घालायची राहून गेली तर?”

“तुम्ही फोनला घातलीत की.”

श्रावकाच्या बारा व्रतांतील दिशापरिमाण, भोगोपभोग-परिमाण आणि देशावकाशिक ही व्रते पाठशाळेत मुले पाठ करतात, तेव्हा ती आखडून घेण्याची व्रते वाटतात. जगाचा केवढा विस्तार आपण सोडला, याकडेच लक्ष जाते. त्या विस्तारातून परत मिळविलेले काय, हे क्वचित विचारले जाते. दहा कोसांपलीकडे जाणार नाही असे म्हणणारा माणूस त्या दहा कोसांत खरा राहू लागतो. चौविहार हाही असाच नियम आहे. दिवस मावळताना घरातले व्यवहार थांबावेत, माणसे एका ठिकाणी यावीत, ही त्याची सहज मिळणारी देणगी आहे. पेढीवर पाच वाजता डबा उघडून ते व्रत अक्षरशः पाळता येते. कर्मनिर्जरेच्या हिशेबात त्यात उणे काही नाही. घराच्या हिशेबात मात्र एक रक्कम वर्षानुवर्षे येणे राहते आणि तिचा तगादा कोणी करीत नाही.

परदेशी सहलींविषयी समाजात दोन टोकांची मते आढळतात. काहींना त्यात केवळ प्रमाद दिसतो, काहींना केवळ प्रतिष्ठा. लग्नानंतर लगेच मालदीव किंवा मॉरिशस ही आता तरुणांची रीत झाली आहे. तिच्यावर टीका करण्याआधी वडीलधाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. तरुणांना निदान आठ दिवस एकमेकांसमवेत बसायला मिळतात; मागच्या पिढीला ते चौतीस वर्षांनी मिळाले, तेही मुलाने तिकिटे काढली म्हणून. जायचे तर चातुर्मास आणि पर्युषण टाळून जावे. डिसेंबर ते मार्च हा तिकडे वादळांचा काळ, तोही टाळावा; मे ते ऑक्टोबर हवा कोरडी व सुखद असते, पण दिवस लहान असतात आणि हॉटेलांची रात्रीची जेवणे सूर्यास्तानंतरच मांडली जातात. म्हणून स्वतःचे स्वयंपाकघर असावे. ताजी फळे, भाज्या, बियाणे बरोबर नेऊ नयेत. तेथील तपासणीत अडतात. खाकरे, भाजलेली पिठे, बंद पुड्यांतल्या डाळी सोयीच्या. आणि प्रवाळ, शंख तेथेच राहू द्यावेत.

परतल्यावर शेठजी पेढीवर गेले. आठ दिवसांचा रोजमेळ त्यांनी पाहिला. एका ठिकाणी मुलाने उधारी जरा सैल दिली होती. ते त्यांनी दाखवून दिले, मुलाने मान्य केले. दुसऱ्या एका ठिकाणी मुलाने सौदा त्यांच्यापेक्षा चांगला केला होता. तेही त्यांनी पाहिले, आणि थोड्या वेळाने बोलून दाखविले. मग कोटाच्या खिशातून किल्ली काढून गादीवर ठेवली. “हिच्यासारखी आणखी एक करून घे,” ते म्हणाले. “दोन असू देत.”

साडेपाच वाजता ते उठले तेव्हा तोलाईवाल्याला वाटले, शेठजींची प्रकृती बरी नसावी.

घरी त्याच्या तासभर आधी, रोजच्या सवयीने, पेढीवरचा पोऱ्या डबा न्यायला दारात उभा राहिला होता. शेठाणी दोन ताटे पुसून ठेवीत होत्या. त्यांनी त्याला आत बोलाविले, थोडी मेथी आणि दोन पोळ्या एका छोट्या डब्यात घालून दिल्या. “हा तोलाईवाल्या काकांना दे,” त्या म्हणाल्या. “शेठजींचा डबा उद्यापासून न्यायचा नाही.”